तुमचे प्रश्न : शिक्षण, पगार आणि सहगुणक

प्रश्न : मुलगी अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. शिक्षणाने कमाईत नेमका किती फरक पडतो, यावरच पुढे संशोधन करायचं म्हणते. सुरुवात कुठून करावी? (एक पालक, सांगली)

उत्तर : आधी खरी आकडेवारी हाताळू द्या. केंद्राचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण (पीएलएफएस) 2017 पासून होतं. त्यातल्या व्यक्तिनिहाय निनावी नोंदी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून फुकट उतरवता येतात. ‘आर’ हे सॉफ्टवेअरही फुकटच.

पाया म्हणजे अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांचं 1974 चं समीकरण. डावीकडे मजुरीचा लॉग (लॉगरिदम). उजवीकडे शिक्षणाची वर्षं, अनुभवाची वर्षं आणि त्या वर्षांचा वर्ग (संख्येला तिनेच गुणून येणारा). प्रत्येक चलाला जो आकडा गुणला जातो, तो त्याचा सहगुणक. शिक्षणाचा सहगुणक 0.08 आला, तर एका वर्षामागे मजुरी सुमारे 8.3 टक्के जास्त. पण ‘पदवी आहे/नाही’ या चलाचा सहगुणक 0.5 आला, तर फरक 50 नव्हे, 65 टक्के. लॉग उलटवायचा राहतो आणि आकडा चुकतो.

अनुभव सर्वेक्षणात विचारलेला नसतो. मिन्सरांच्या रीतीने तो वय वजा शिक्षण वजा 6 असा काढतात. शाळेत न गेलेल्या वीस वर्षांच्या मजुराला मग 14 वर्षांचा अनुभव चिकटतो, म्हणजे तो सहाव्या वर्षापासून कामावर! अशांचा अनुभव पंधराव्या वर्षापासून मोजावा. पगारदाराचं उत्पन्न महिन्याचं नोंदलेलं असतं, रोजंदाराचं सात दिवसांतलं. दोन्ही एका मापात आणल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्रत्येक नोंदीचा भारही (ती नोंद किती लोकांच्या वतीची, तो आकडा) लावायचा, नाहीतर सरासरी फक्त नमुन्याची निघते, राज्याची नाही.

खरी अडचण यापुढे आहे. जास्त शिकलेल्यांचं घर बहुधा आधीच बरं असतं. मग पगार शिक्षणाचा की घराचा? अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी 2001 मध्ये यावर केलेलं काम मुलीने मुळातून वाचावं. इंडोनेशियात 1973-74 ते 1978-79 या काळात 61 हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या. कोणत्या जिल्ह्यात किती शाळा आल्या आणि तेव्हा मूल किती वर्षांचं होतं, या दोन्हींवरून त्यांनी शिक्षणाच्या एका वर्षाचा परतावा, म्हणजे मजुरीतली वाढ, 6.8 ते 10.6 टक्के काढला. आपल्याकडे असा अभ्यास करायचा, तर जिल्हानिहाय जुन्या नोंदी जमवण्यातच निम्मा वेळ जाईल. तेवढी चिकाटी आहे का, ते एम.ए.च्या प्रकल्पातच कळेल.

प्रश्न : अशिक्षितांपेक्षा पदवीधरांतच बेकारी जास्त दिसते. मग शिकून उपयोग काय? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : काम नसलेला, पण ते शोधणारा किंवा करायला तयार असलेलाच बेकार धरला जातो. हातावर पोट असलेल्याला थांबणं परवडत नाही. मिळेल त्या कामाला तो लागतो आणि ‘रोजगारित’ ठरतो. फक्त मागचे सात दिवस पाहणाऱ्या ‘चालू साप्ताहिक’ पद्धतीत तर आठवड्यात एक तास काम पुरतं. पदवीधर मात्र घरच्या आधाराने परीक्षा देत थांबू शकतो. म्हणून 15 ते 29 वयोगटाबरोबर तिशीपुढचा गटही पाहा, आणि काम आहे का याच्या जोडीला लेखी करार, पगारी रजा आहे का तेही. हे रकाने वरच्या उत्तरातल्या पीएलएफएसमध्येच आहेत, फक्त बातम्यांत क्वचित येतात.