वाचकांचे प्रश्न : विद्यार्थ्यासाठी भरवशाचा संगणक कोणत्या कंपनीचा?

प्रश्न : माझ्या मुलीला यंदा फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. ती वाळपईहून रोज बसने ये-जा करणार आहे. तिला लॅपटॉप घ्यायचा असून पासष्ट हजारांच्या वर जाण्याची आमची ऐपत नाही. शेजारी एचपी घ्या म्हणतात, माझा भाचा डेलचा आग्रह धरतो आणि दुकानदार तिसरेच नाव पुढे करतो. चार वर्षे कुरकुर न करता चालेल अशी सर्वांत भरवशाची कंपनी कोणती, हे कृपया स्पष्ट सांगावे. — एक पालक, सत्तरी

उत्तर : बारावीचे निकाल लागले की या आशयाची पत्रे येऊ लागतात आणि प्रत्येक पत्रात एकाच नावाची अपेक्षा असते. म्हापशात दुरुस्तीच्या टेबलावर माझी वीस वर्षे गेली आहेत. त्या टेबलावर एचपी, डेल, लेनोव्हो, एसर आणि असूस या पाचही कंपन्यांचे उत्तम लॅपटॉप मी उघडले आहेत आणि याच पाचही कंपन्यांचे दोन वर्षांत मान टाकलेले लॅपटॉपही उघडले आहेत. म्हणून मी कंपनीचे नाव शेवटी घेतो. आधी दोन गोष्टी विचारतो : लॅपटॉप कंपनीच्या कोणत्या श्रेणीतला आहे, आणि तो बिघडला तर आपल्या गावापर्यंत कोण येणार आहे?

नावावर विसंबून का चालत नाही, याचे एक उदाहरण देतो. २००८ साली एनव्हिडिया कंपनीने जाहीरपणे मान्य केले की तिच्या काही ग्राफिक्स चिपच्या (पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या चिपच्या) बांधणीत दोष असून त्या लॅपटॉपमध्ये नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत आहेत. त्या चिप डेल, एचपी आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये बसवलेल्या होत्या. झाकणावर कोणतेही नाव असो, आतला दोष एकच होता. आजही बरेचसे लॅपटॉप क्वांटा किंवा कॉम्पल यांसारख्या तैवानी उत्पादकांकडून तयार होऊन येतात, प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा असतो आणि मेमरी व एसएसडी (माहिती साठवणारा भाग) बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्याच असतात. ज्याचे नाव झाकणावर आहे त्या कंपनीच्या हाती आराखडा, सांगाड्याचा दर्जा, तपासणी आणि विक्रीनंतरची सेवा एवढ्या गोष्टी राहतात, आणि फरक पडतो तो नेमका तिथेच.

हा फरक कंपनी-कंपनीत असतो त्याहून जास्त एकाच कंपनीच्या दोन श्रेणींत असतो. प्रत्येक मोठी कंपनी घरगुती ग्राहकांसाठी एक श्रेणी काढते आणि कार्यालयांसाठी दुसरी. लेनोव्होची आयडियापॅड आणि थिंकपॅड, एचपीची पॅव्हिलियन आणि प्रोबुक, डेलची इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे आहेत. डेलने २०२५ मध्ये ही जुनी नावे बदलायला सुरुवात केली असून कार्यालयीन श्रेणीला आता डेल प्रो म्हणतात. असूसची एक्स्पर्टबुक आणि एसरची ट्रॅव्हलमेट हीदेखील त्याच जातीची. कार्यालयीन श्रेणी दिसायला साधी, काळी किंवा करडी असते आणि दुकानाच्या दर्शनी फळीवर ती क्वचितच मांडलेली असते. मात्र शेकडो लॅपटॉप एकगठ्ठा घेणारी संस्था दुसऱ्याच वर्षी तक्रारी सहन करणार नाही हे कंपनीला ठाऊक असल्यामुळे तिची बिजागरी, कीबोर्ड आणि चार्जिंगची जागा यांवर अधिक कष्ट घेतलेले असतात.

बिजागरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण विद्यार्थ्यांचे जे लॅपटॉप माझ्याकडे आले त्यांतल्या फार मोठ्या भागाचा आजार हाच होता. स्वस्त लॅपटॉपमध्ये प्लास्टिकच्या बॉडीत पितळेच्या बारीक नळ्या बसवलेल्या असतात आणि बिजागरीचे स्क्रू त्यांत पिळलेले असतात. बिजागरी घट्ट असते आणि प्लास्टिक नरम असते. मुले झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतात, त्यामुळे सगळा पीळ एकाच बाजूवर येतो. दीड-दोन वर्षांनी एक नळी प्लास्टिकचा तुकडा घेऊन उपटून येते, झाकण उघडताना कट्ट आवाज होतो आणि पडद्याच्या खालची पट्टी उचकटते. तेव्हाच लॅपटॉप आणला तर थोडक्यात भागते. मात्र तसेच वापरत राहिले की आतली केबल कापली जाते, पडदा जातो आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. म्हणून दुकानात गेल्यावर मुलीलाच लॅपटॉप हाताळू द्या. झाकण मधोमध एका बोटाने उचलून पाहावे, कीबोर्डच्या मध्यावर अंगठा दाबून तो किती खचतो ते पाहावे आणि पडद्याच्या दोन्ही कडा हलकेच धरून तो किती वाकतो ते पाहावे. प्रोसेसरची माहिती घरबसल्याही वाचता येते. ही परीक्षा हातानेच करावी लागते. लष्करी दर्जाची चाचणी उत्तीर्ण अशी चिकटपट्टी दिसली तर तेवढ्यावर निर्णय घेऊ नये, कारण त्या मानकातल्या कोणत्या चाचण्या करायच्या ते उत्पादकच ठरवतो आणि शिक्का देणारी मध्यवर्ती संस्था नसते.

दुसरा मुद्दा सेवेचा. गोव्यात राहणाऱ्याने हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या ग्राहकापेक्षा अधिक बारकाईने विचारला पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या भाचीसाठी एका नामांकित कंपनीचा लॅपटॉप घेतला. वॉरंटीत असतानाच त्याचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, गेला. सेवा केंद्राने तो जमा करून घेतला, सुटा भाग राज्याबाहेरून यायचा होता आणि सदतीस दिवसांनी लॅपटॉप परत मिळाला. त्या सदतीस दिवसांत तिची सत्र परीक्षा होऊन गेली. दोष कोणत्याही यंत्रात निघू शकतो, त्याबद्दल माझा राग नाही. पण परीक्षेच्या तोंडावर मुलीने कोणाच्या तरी लॅपटॉपसाठी दारोदार फिरावे, याची खंत मला अजून आहे. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की वॉरंटी किती वर्षांची आहे एवढेच विचारू नका, माणूस घरी येणार की लॅपटॉप घेऊन आपण जायचे, हे आधी विचारा. घरी येणारी सेवा असेल तर ती वाळपईच्या पिनकोडला लागू आहे का, याची कंपनीच्या ग्राहक क्रमांकावरून खात्री करून घ्या आणि शक्यतो ते उत्तर ईमेलवर मागवा. पणजी आणि मडगावला मिळणारी सेवा सत्तरी, सांगे किंवा काणकोणला तशीच मिळेल असे गृहीत धरू नये.

वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते. ती पैसे भरून तीन वर्षांपर्यंत वाढवता येते आणि अपघाती नुकसानीचे संरक्षणही वेगळे घेता येते. तुमची मुलगी चार महिने पावसात बसने जाणार आहे, तेव्हा प्रोसेसरची वरची पायरी सोडून ते पैसे या संरक्षणात घालावेत असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या वॉरंटीत पाणी सांडलेला किंवा पडलेला लॅपटॉप बसत नाही.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. मृग लागला की बंद पडलेल्या डेस्कटॉपची माझ्याकडे रांग लागते. बटण दाबले की पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच राहतो. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलके घासून पुन्हा बसवले की पुष्कळदा तोच संगणक मुकाट चालू होतो, कारण दमट हवेने त्या दातांवर चढलेला थर एवढाच त्याचा आजार असतो. किनाऱ्यालगतच्या घरांत हवेतला खारही त्यात मिसळतो आणि बोर्डावरच्या तांब्यावर हिरवट झाक येते. लॅपटॉपसाठी यावर उपाय सोपा आहे : पावसाळ्यात तो कपाटात बंद ठेवू नये, रोज थोडा वेळ चालवावा, म्हणजे स्वतःच्या उबेने तो कोरडा राहतो. वातानुकूलित प्रयोगशाळेतून बाहेरच्या दमट हवेत आणल्यावर लगेच चालू करू नये, थोडा वेळ तसाच राहू द्यावा. धातूच्या बॉडीला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर कंपनीला दोष देण्याआधी घरातले अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. जुन्या घरांतून ते पुष्कळदा नावापुरतेच असते.

क्षमतेविषयी फार लिहीत नाही. इंटेल कोअर आय-५, कोअर अल्ट्रा-५ किंवा एएमडी रायझन-५ या तोडीचा चालू पिढ्यांतला प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि ५१२ जीबीची एसएसडी एवढे संगणक शाखेला पुरते. बजेट ताणले गेले तर सध्या ८ जीबीवर थांबावे, पण मेमरी वाढवण्यासाठी रिकामा स्लॉट आहे याची खात्री करून घ्यावी. काही सडपातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच पक्की केलेली असते आणि ती पुढे कधीच वाढवता येत नाही.

आता आपण मागितलेले नाव. माझ्या मुलीसाठी घ्यायचा असता तर मी थिंकपॅडच्या ई मालिकेतले किंवा प्रोबुकमधले प्राथमिक मॉडेल पाहिले असते, आणि त्यांच्या तोडीचे डेल प्रोमधले काही त्या किमतीत मिळाले तर तेही विचारात घेतले असते. या तिन्ही कंपन्या आपल्या लॅपटॉपची दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवतात, म्हणजे वॉरंटी संपल्यावर फोंड्यातला किंवा म्हापशातला कारागीरही तो नीट उघडू शकतो. या तिघांपैकी ज्याची घरपोच सेवा तुमच्या पिनकोडला मिळेल, तो घ्या. चवथीच्या सवलतीसाठी थांबायचे असेल तर थांबा, मात्र बिलावरचा अनुक्रमांक खोक्याशी आणि लॅपटॉपच्या तळाशी जुळवून घ्या आणि वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली आहे ते त्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. दुकानात पडून राहिलेल्या लॅपटॉपची वॉरंटी काही वेळा आधीच सुरू झालेली दिसते. बिल पाठवले की तारीख दुरुस्त करून मिळते. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

प्रश्न : माझा मुलगा पेडण्याच्या महाविद्यालयात कला शाखेत शिकतो. पंचवीस हजारांपेक्षा जास्त खर्च झेपणार नाही. म्हापशातला एक दुकानदार कार्यालयांतून निघालेले, वापरलेले लॅपटॉप विकतो. ते घेण्यात धोका आहे का? नवा, पण साधा लॅपटॉप घेणे बरे का? — एक आई, पेडणे

उत्तर : ताई, या किमतीत मी नव्यापेक्षा कार्यालयातून निघालेलाच घ्या म्हणेन. पंचवीस हजारांत नवा मिळतो त्यात बहुधा अगदी मंद प्रोसेसर आणि तुटपुंजी मेमरी असते आणि वर सांगितलेले कच्चे प्लास्टिकही त्यातच असते. थिंकपॅडच्या टी मालिकेतला, लॅटिट्यूड किंवा एचपीच्या एलिटबुक जातीचा चार-पाच वर्षे वापरलेला लॅपटॉप लेखन-वाचनासाठी अजून पुष्कळ वर्षे चालू शकतो.

धोका आहे, पण तो दुकानात उभ्या उभ्या ओळखता येतो. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे चालणाराच लॅपटॉप घ्यावा. इंटेलचा असेल तर प्रोसेसर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा हवा. जुना सातव्या पिढीचा आय-७ कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. मग बॅटरी. विंडोजमधूनच बॅटरीचा अहवाल काढता येतो आणि त्यात मूळ क्षमता व आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. मूळ ५० वॅट-अवरची बॅटरी २५ वर आली असेल तर ती लवकरच बदलावी लागणार हे धरून किंमत कमी करून मागा.

सर्वांत महत्त्वाचे राहिलेच. लॅपटॉप पूर्वी ज्या कार्यालयाचा होता त्या कार्यालयाचे कुलूप त्यावर शिल्लक असू शकते. दुकानदाराला तुमच्यासमोर लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज पहिल्यापासून बसवायला (रीसेट करायला) सांगा आणि आपल्या मोबाईलचे इंटरनेट जोडा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचे नाव येऊन कर्मचाऱ्याचा ईमेल मागितला गेला, तर तो लॅपटॉप तिथेच ठेवून निघावे. छापील बिल आणि निदान तीन महिन्यांची लेखी हमी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : मुलगा बी.कॉम.ला आहे आणि मॅकबुकच हवे म्हणून हटून बसला आहे. घ्यावे का? — एक पालक, मडगाव

उत्तर : मॅकबुकचा टिकाऊपणा आणि बॅटरी यांबद्दल माझी तक्रार नाही. अडचण अभ्यासक्रमाची आहे. वाणिज्य शाखेच्या मुलाला टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकावे लागण्याची दाट शक्यता असते, आणि टॅलीप्राइम विंडोजवर चालते. मॅकवर ते थेट बसत नाही, त्यासाठी आडमार्ग आणि जादा खर्च करावा लागतो. शिवाय मेमरी आणि साठवण पुढे वाढवता येत नाही, त्यामुळे आज घ्याल तेवढ्यावरच भागवावे लागते. मुलाला सोबत घेऊन त्याच्या महाविद्यालयातल्या लेखाशास्त्राच्या शिक्षकांना भेटा, तीन वर्षांत कोणती सॉफ्टवेअर वापरायची आहेत त्याची यादी मागून घ्या, आणि ती हातात आल्यावरच दुकानाची पायरी चढा.