१ लाख लोकांसाठी ४०० जणांचा नमुना पुरेसा आहे का?

आकड्यापुरतं बोलायचं तर हो, बहुतेक कामांसाठी पुरेसा आहे. ४०० जण यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, प्रत्येकाला सारखी संधी देऊन निवडले असतील आणि त्यातल्या साधारण निम्म्यांनी ‘हो’ म्हटलं असेल, तर ९५ टक्के विश्वास पातळीला त्रुटीची मर्यादा सुमारे ±४.९ टक्के येते. म्हणजे असे १०० नमुने घेतले, तर साधारण ९५ वेळा नमुन्यातला आकडा खऱ्या आकड्याच्या इतक्या जवळ असेल. समष्टी (ज्यांच्याबद्दल जाणून घ्यायचं ते सगळे लोक) १ लाखाऐवजी १० लाखांची असती तरी हा आकडा जवळपास तोच राहिला असता. हे पहिल्यांदा कुणालाच पटत नाही, पण आमटीचं पातेलं लहान असो की मोठं, नीट ढवळलेली असेल तर चव कळायला एक चमचा पुरतो. त्रुटी निम्मी करायची असेल तर मात्र नमुना चौपट, म्हणजे १६०० लागेल.

एक लक्षात ठेवा: तुम्ही स्त्री-पुरुष किंवा वयोगट वेगळे काढणार असाल, तर प्रत्येक गटाची त्रुटी त्या गटाच्या संख्येवरून काढा. १०० जणांच्या गटाला ती जवळपास ±१० टक्के असते.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. हे ४०० जण आले कुठून? ओळखीच्यांना लिंक पाठवून मिळालेली उत्तरं असतील तर वरचं गणित लागूच होत नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त उत्तरं होती. तरीही त्यांनी उमेदवार लँडन जिंकतील असं सांगितलं आणि समोरचे रूझवेल्ट प्रचंड मतांनी निवडून आले, कारण उत्तरं देणारे एकूण मतदारांसारखे नव्हते. म्हणून किती जणांना विचारलं आणि कितींनी उत्तर दिलं, हे दोन्ही आकडे अहवालात जरूर लिहा.