मेरियनचं बाखाराख घेण्याआधी

जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या बाखाराख गावाचं, कोरीवकार मातेउस मेरियनने केलेलं चित्र 1645 च्या ग्रंथातलं. ते तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापलेलं, म्हणून अस्सल की नक्कल हे ओळखायला आधी चौकट बघा. ओला कागद पत्र्यासह दाबयंत्रातून गेला की चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला ठसा उमटतो. बोट फिरवलंत की कळतो. मात्र समास कापून टाकला असेल किंवा जुनं पान धुऊन दाबलं असेल, तर तो पुसट होतो, तेव्हा एवढ्यावर थांबू नका.

दहापट भिंग घ्या. खऱ्या छापात रेघ अखंड आणि शाई किंचित उठलेली. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक प्रत. मग कागद उजेडासमोर धरा: साधारण अडीच सेंटिमीटरवर उभ्या रेषा आणि त्यांना आडव्या बारीक रेघा दिसायला हव्यात.

मधली घडी दोष नव्हे, पान ग्रंथात बांधलेलं असायचं. रंग मात्र बहुधा नंतर भरलेला, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आणि कृपा करून सेलोटेप लावू नका! त्याचा डिंक कागदात मुरून पिवळा डाग पडतो, तो सहसा पूर्ण निघत नाही. फाटलं तर पातळ पण चिवट जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा.