वायफाय ड्रायव्हरमधलं फंक्शन कुठे तोडायचं?

तुम्ही लिनक्सच्या वायफाय ड्रायव्हरसाठी पाठवलेल्या पॅचमधलं (कोडमधल्या बदलामधलं) 'बीएसएस इन्फो चेंज्ड', म्हणजे वायफाय जोडणीची माहिती बदलली की बोलावलं जाणारं, हे लांबलचक फंक्शन रिव्ह्यूअरनं तोडायला सांगितलं. तुम्ही दर दहा ओळींमागे एक नवं फंक्शन काढलंत आणि आता तोच म्हणतोय की कोड वाचता येत नाही. माझ्या मते त्याचं दोन्ही वेळा बरोबर आहे.

फंक्शन एक-दोन स्क्रीनमध्ये, म्हणजे ८० बाय २४ च्या, मावावं असं लिनक्सची कोडिंग स्टाइल सांगते. पण गुंतागुंत कमी असेल तर लांबी चालते, हेही तिथेच लिहिलंय. सरळसोट स्विच-केस लांब असली तरी कुणाला त्रास होत नाही. त्यामुळे ओळी मोजू नका, विषय कुठे बदलतो ते पाहा.

याच फंक्शनचं उदाहरण घ्या. काय बदललं ते मॅक८०२११ (लिनक्समधला, ड्रायव्हरच्या वरचा वायफायचा सामाईक थर) एका बिटमास्कमधून, म्हणजे दर बिटला एक बदल अशा आकड्यातून, कळवायचं: असोसिएशन (राउटरशी जोडणी), बीकन (राउटरची ठराविक वेळानं येणारी घोषणा), स्लॉटची (पाठवण्याआधी थांबण्याच्या एककाची) वेळ, सगळं एकत्र. वायफाय ७ मध्ये एका इंटरफेसला अनेक लिंक आल्या, तेव्हा २०२२ मध्ये मॅक८०२११ नं स्वतःच त्याचे दोन भाग केले. असोसिएशनसारख्या अख्ख्या इंटरफेसच्या गोष्टी एकीकडे, बीकन आणि स्लॉटसारख्या त्या-त्या लिंकच्या दुसरीकडे. तुमची चीरही तिथेच पडायला हवी. स्लॉट ९ मायक्रोसेकंदांचा की २० चा, हे ठरवणारा तुकडा वेगळा काढलात तर त्याला नाव आपोआप सुचेल. 'हँडल पार्ट टू' असं नाव द्यावं लागत असेल, तर तो तुकडा होता तिथेच ठेवा.

मला सगळ्यात जास्त काळजी लॉकची वाटते. मॅक८०२११ च्या टीएक्स कॉलबॅकमध्ये (पॅकेट पाठवायला बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये) झोपता, म्हणजे थांबून वाट पाहता, येत नाही, आणि फर्मवेअरला (वायफाय चिपमधल्या प्रोग्रॅमला) कमांड देऊन उत्तराची वाट पाहणारं फंक्शन तर झोपणारच. स्पिनलॉक (धरलेला असताना झोपता येत नाही असं कुलूप) धरूनही तसंच. सगळं एकाच फंक्शनमध्ये असताना तो डोळ्यांसमोर असतो. तुकडा बाहेर गेला की तो दिसेनासा होतो, आणि पुढे कुणीतरी तो तुकडा भलतीकडून बोलावतं. म्हणून कॉलरनं लॉक धरलेला असणं गरजेचं असेल, तर पहिल्याच ओळीत 'लॉकडेप असर्ट हेल्ड' घाला. कॉमेंट जुनी होते. ही ओळ मात्र, लॉकडेप (लॉक तपासणारी कर्नलची यंत्रणा) चालू असलेल्या कर्नलमध्ये, लॉक धरलेला नसेल तर लगेच ओरडते.

फंक्शनमधून परत येणारं मूल्यही (रिटर्न व्हॅल्यू) नावाशी जुळू द्या. काम करणाऱ्या फंक्शननं यशाला ० आणि चुकीला ऋण एरर कोड द्यावा, प्रश्न विचारणाऱ्यानं ट्रू किंवा फॉल्स. स्टेजिंगमध्ये (कर्नलमध्ये अजून सुधारायच्या ड्रायव्हरांच्या जागी) आलेल्या आरटीएल८७२३बीएस या वायफाय ड्रायव्हरमध्ये यश १ आणि अपयश ० होतं, त्यामुळे प्रत्येक 'इफ' पाशी वाचणारा अडखळतो.

आणि कृपा करून, कोड नुसता हलवणारा पॅच वेगळा पाठवा, वागणूक बदलणारा वेगळा. पहिला गिटच्या 'कलर मूव्ह्ड' नं (हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवणाऱ्या पर्यायानं) झटकन तपासून होतो, मग रिव्ह्यूअरचा सगळा वेळ दुसऱ्याला मिळतो.