कॅरॅव्हॅनच्या तळावर पैसे भरून मिळणारे वाय-फाय घेण्यासारखे असते का?

आपण विचारले आहे की, तीन आठवड्यांच्या कॅरॅव्हॅन-सहलीत प्रत्येक तळावर कुटुंबासाठी आठवड्याचा वाय-फाय पास घ्यावा, की मोबाइलच्या डेटावरच भागवावे. आठवड्याचा पास आगाऊ मुळीच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घ्यायचाच झाला तर एका दिवसाचा घ्यावा, आणि तोही कॅरॅव्हॅन आपल्या जागेवर उभी केल्यानंतर. इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे की, या एका विषयावर माझा आणि माझ्या साडूंचा वाद गेली सहा वर्षे चालू आहे, आणि आपला प्रश्न वाचताच तो सगळा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला.

त्या वर्षी आम्ही दोन्ही कुटुंबे दोन कॅरॅव्हॅन घेऊन दहा रात्रींसाठी एकाच तळावर गेलो होतो. साडूंनी नोंदणी आधी केली होती, त्यामुळे त्यांना स्वागतकक्षासमोरची जागा मिळाली आणि वाय-फायचा अँटेना बसवलेला खांब त्यांच्या दारापासून जेमतेम वीस मीटरवर आला. माझी जागा मात्र अगदी शेवटच्या रांगेत, स्वच्छतागृहाच्या इमारतीमागे आणि दाट कुंपणाला लागून होती. पोहोचल्या पोहोचल्या साडूंनी हिशेब मांडला की, सात दिवसांच्या पासचे पैसे सुट्या चार दिवसांइतकेच पडतात, म्हणजे तीन दिवस फुकट. मी म्हटले, आधी एक दिवस पाहू या. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही उगाच शंका काढता, पैसे भरले की सेवा मिळतेच." मेव्हणीसमोर कंजूष ठरायची इच्छा नव्हती, म्हणून मीही पास घेतला. ती चूक माझीच होती, हे मी आजवर नाकारलेले नाही.

मी बांधकामाचे नकाशे तयार करण्याचे काम करतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला सुमारे 600 मेगाबाइटचा नकाशांचा संच पाठवायचा होता. संध्याकाळी सात वाजता पाठवायला सुरुवात केली तेव्हा लॅपटॉपवर सिग्नलच्या चारपैकी तीन रेघा दिसत होत्या, पण चढता वेग मोजला तर तो सेकंदाला अर्धा मेगाबिट भरला. 600 मेगाबाइट म्हणजे 4800 मेगाबिट. त्या वेगाने 9600 सेकंद, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटे, आणि तीही मध्ये काही तुटले नाही तर. प्रत्यक्षात 38 टक्क्यांवर जोडणी तुटली, पुन्हा लॉगिनचे पान आले आणि संच पहिल्यापासून चढू लागला. असे तीन वेळा झाले. रात्री साडेनऊच्या सुमारास मी फोनचा हॉटस्पॉट सुरू केला, फोन छतावरच्या झडपेच्या काचेला टेकवून ठेवला, आणि तोच संच पंचवीस मिनिटांत गेला. त्या वेळी शेजारून, म्हणजे खरे तर शंभर मीटरवरून, साडू सामना पाहत असल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार केली तेव्हा स्वागतकक्षातील बाईंनी शांतपणे अटींच्या कागदावरील एका ओळीवर बोट ठेवले. वेगाची हमी दिली जात नाही, असे तिथे लिहिलेले होते. साडूंचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या मते वाय-फाय उत्तम होते आणि दोष माझ्या जुन्या लॅपटॉपचा होता. हे मला झोंबले, म्हणून त्याच संध्याकाळी मी माझा लॅपटॉप त्यांच्या कॅरॅव्हॅनच्या तंबूछपराखाली नेऊन वेग मोजला: उतरता 9 मेगाबिट. मग त्यांचा नवा कोरा लॅपटॉप माझ्या जागेवर आणला: 0.7. दोन्ही मोजमापांमध्ये दहा मिनिटांचेही अंतर नव्हते. एवढे झाल्यावर कोणीही मान्य केले असते. साडू म्हणाले, "त्या दहा मिनिटांत गर्दी वाढली असेल." तेव्हापासून कुठल्याही कार्यात भेट झाली की हा विषय निघतोच.

गर्दीचा मुद्दा खोटा नाही, पण तो संपूर्ण तळाला सारखाच लागू होतो. तळाच्या एका जोडणीतून पन्नास मेगाबिट मिळत असतील आणि एचडी चित्रपटाला साधारण पाच मेगाबिट लागत असतील, तर दहा कॅरॅव्हॅनमध्ये चित्रपट सुरू झाला की अकराव्याने काय करायचे, हा प्रश्न उरतो. संध्याकाळी सात ते दहा या वेळात हे रोज घडते. त्यावर जागेचा फरक चढतो. अनेक कॅरॅव्हॅनच्या भिंतींना बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा असतो आणि रेडिओलहरी त्यातून आरपार जात नाहीत. त्या आत येतात त्या बहुतांशी खिडक्यांच्या ॲक्रिलिकमधून. म्हणून खिडकी खांबाच्या दिशेला आहे की पाठमोरी, यावरसुद्धा बराच फरक पडतो. पानांतले पाणी लहरी शोषून घेते आणि पाऊस पडून गेल्यावर कुंपण आणखी जाड झाल्यासारखे होते. वाय-फाय वापरते त्या 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ-पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, 1, 6 आणि 11, म्हणून तिथे लवकर दाटी होते. आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळे जेवणाच्या वेळी त्याची भर पडते. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण तो इतका लांब पोहोचत नाही, म्हणजे त्याचाही फायदा खांबाजवळच्यांनाच.

रेघांवर विश्वास ठेवू नये असे मी सगळ्यांना सांगतो, त्याचेही कारण यातच आहे. खांबावरच्या यंत्राचा आवाज मोठा असतो, म्हणून तो आपल्याला लांबूनही नीट ऐकू येतो आणि रेघा भरलेल्या दिसतात. आपल्या फोनचा किंवा लॅपटॉपचा आवाज मात्र बारीक. तो उलट दिशेने पोहोचतो की नाही, हे रेघा सांगत नाहीत. शिवाय एका वेळी एकच उपकरण बोलू शकते, आणि लांबचे उपकरण सावकाश बोलत असल्याने तेवढाच मजकूर पाठवायला जास्त वेळ अडवून ठेवते. म्हणजे शेवटच्या रांगेतला माणूस स्वतः तर अडतोच, पण इतरांचाही वेळ खातो. साडूंचा सामना मधूनच अडखळत असेल तर तो माझ्यामुळेच, असे मी त्यांना एकदा सांगितलेही होते.

आता पैशांचा हिशेब. निरोप, नकाशे, हवामान आणि ईमेल एवढाच वापर असेल, तर दिवसाला काही शे मेगाबाइट पुरतात आणि तेवढे मोबाइलच्या योजनेत सहज बसतात. अशा माणसाला पासची गरजच नाही. एचडी चित्रपट तासाला तीन गिगाबाइटपर्यंत खातो, म्हणून मुलांना रोज रात्री चित्रपट हवा असेल तर डेटा लवकर संपतो आणि पास स्वस्त वाटू लागतो. अडचण अशी की, ज्या वेळी मुलांना चित्रपट हवा असतो त्याच वेळी तो अडखळतो. माझ्या मते ज्याला पासची खरी गरज आहे त्यालाच त्याचा सर्वांत कमी उपयोग होतो. एक पळवाट आहे: पहाटे पाच ते सात या वेळात तळ झोपलेला असतो. त्याच शेवटच्या रांगेत मला पहाटे साडेपाचला 11 मेगाबिट मिळाले होते. एका दिवसाचा पास घेऊन पहाटे मुलांचे चित्रपट उतरवून ठेवणे हा त्या पैशांचा सर्वांत चांगला उपयोग आहे.

पास "एका उपकरणासाठी" असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन प्रत्येक वाय-फायच्या नावाला स्वतःचा वेगवेगळा हार्डवेअर-पत्ता, म्हणजे उपकरण ओळखण्याचा क्रमांक, दाखवतात; यालाच खाजगी पत्ता म्हणतात. तळाच्या पुढच्या आणि मागच्या भागासाठी नेटवर्कची नावे वेगळी असली, तर आपला एकच फोन यंत्रणेला दोन फोन वाटतो आणि पास संपला असे सांगितले जाते. अशा वेळी फोनच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कांपुरता खाजगी पत्ता बंद करावा. छोटा प्रवासी राउटर वापरून एका पासवर सगळे कुटुंब जोडता येते. काही तळांच्या अटींत त्याला मनाई असते, तेवढे वाचून घ्यावे.

आपली तीन आठवड्यांची सहल असेल आणि तळ बदलत राहणार असतील, तर मी पासचे पैसे बाजूला ठेवून ते चांगल्या डेटा-योजनेवर आणि छतावर अँटेना लावता येणाऱ्या सिम-राउटरवर घातले असते. अँटेनाची केबल आखूड ठेवावी, नाहीतर मिळवलेला सिग्नल केबलमध्येच जिरतो. उपग्रहाची डिशही हल्ली अनेक जण नेतात, पण तिला मोकळे आकाश लागते आणि सावलीसाठी झाडाखाली जागा मागितली की ते मिळत नाही.

हे सगळे ठामपणे लिहिले खरे, पण काही ठिकाणी ते लागू पडत नाही, हेही सांगायला हवे. दरीतल्या किंवा डोंगराआडच्या तळावर मोबाइलला सिग्नलच नसेल, तर तुलना करायला दुसरे काही उरत नाही आणि पास घ्यावाच लागतो. काही तळांनी आता फायबर घेतले आहे आणि चार-पाच जागांमागे एक खांब उभारला आहे. तिथे शेवटच्या रांगेतही व्यवस्थित चालते. हे कळण्यासाठी नोंदणी करतानाच दोन गोष्टी विचाराव्यात: माझ्या जागेपासून सर्वांत जवळचा खांब किती लांब आहे, आणि तळाची मुख्य जोडणी कोणत्या प्रकारची आहे. "वाय-फाय संपूर्ण तळावर आहे" एवढेच उत्तर मिळाले तर जागा बदलून मागावी. आणि तिथे उतरलेल्या कोणी "आम्हाला तर काहीच त्रास झाला नाही" असे सांगितले, तर त्यांची जागा कोणत्या क्रमांकाची होती ते आधी विचारावे. माझ्या साडूंची 3 होती, माझी 58.