तेल डोक्याला, कोरडेपणा टोकाला

प्रश्न : ताई, मी लातूरला प्राथमिक शाळेत शिकवते. वय ३६. केस कमरेच्या खाली, मोजले तर तीन फूट भरतात. शाळेत असल्यापासून रोज रात्री तेल लावते. आधी खोबरेल, गेल्या वर्षापासून सासूबाईंच्या आग्रहाने एरंडेल. डोकं चिकट होतं, उशीचे अभ्रे पिवळे पडलेत, पण वेणीचा खालचा वीतभर भाग केरसुणीसारखाच. घरात बोअरचं पाणी आहे. नक्की कोणतं तेल लावू? कृपया केस कापायला सांगू नका.

उत्तर : शेवटचं वाक्य वाचून हसू आलं. सत्तावीस वर्षं पार्लर चालवलं. लांब केसांची बाई खुर्चीत बसली की पहिलं हेच बोलायची. कापा म्हणत नाही, पण अर्ध्या इंचाचा विषय शेवटी काढणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

आधी हिशेब करू. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला पंधरा. तुमचे तीन फूट म्हणजे नव्वद सेंटिमीटर. म्हणजे टोकाचा केस सहा वर्षांचा झाला! लातूरचे सहा उन्हाळे त्याने काढलेत, शेकडो वेळा धुतला गेलाय, रोज दोनदा विंचरला गेलाय. डोक्याच्या कातडीला स्वतःचं तेल सुटतं, पण ते एवढ्या लांब टोकापर्यंत पोचत नाही. आणि तुम्ही रोज रात्री तेल ओतताय कुठे? जिथे ते मुळात आहेच तिथे. तेव्हा तेल बदलण्याआधी हात बदला. तेलाचा हात कानाच्या पाळीखाली सुरू करायचा.

तेलांत माझं मत खोबरेलाला. २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल शेजारी शेजारी ठेवून तपासलं होतं. धुण्या-विंचरण्यात केसातलं प्रथिन झिजतं, ती झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हे लपवत नाही. पण माझ्या खुर्चीतही मी हेच पाहिलं. कारण साधं आहे. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू लहान नि सरळ, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. बाकीची बरीच तेलं वरच बसतात. केस धुताना पाणी पिऊन फुगतो, वाळताना आकसतो, आणि असं वरचेवर झालं की त्याच्या वरचे खवले उचकटतात. हाताला खरखरीत लागतात ते हेच. आत खोबरेल असेल तर फुगणं कमी होतं. म्हणूनच तेलाचं खरं काम केस धुण्याच्या आधी असतं.

केस धुवायच्या आदल्या रात्री चहाचे दोन चमचे तेल पुरे. बाटली गरम पाण्याच्या तांब्यात ठेवून कोमट करा, गॅसवर चढवू नका. केसांचे दोन भाग करा. तळव्यावर तेल चोळून वेणीच्या खालच्या अर्ध्या भागावरून हात ओढत न्या. शेवटची वीत मात्र सावकाश, वात वळतो तशी चिमटीत फिरवत. सैल वेणी घाला, जुना पंचा गुंडाळा. आठवड्यातून दोनदा एवढंच. रोजचं तेल बंद. धुतल्यावर टोकं ओलसर असतानाच तीन-चार थेंब बोटांना लावून फिरवा. ओलावा आत आहे तोवर, सुकल्यावर नाही.

आता एरंडेल. सासूबाईंना दुखवू नका, पण त्यांना माझी फजिती सांगा. माझ्या लग्नाच्या आठ दिवस आधी मीच मोठ्या हौसेने नुसतं एरंडेल थापलं, आंबाडा बांधून झोपले आणि सकाळी केस डोक्यावर गोळा करून खसाखसा चोळून धुतले. मागच्या बाजूचा गुंता असा काही घट्ट झाला की केस नव्हेत, घोंगडीचा तुकडाच वाटावा. आत्या दुपारी जेवण टाकून बसली. वाटीभर खोबरेल, मोठ्या दातांचा कंगवा, खालून वर, एकेक बट. दिवेलागण झाली तेव्हा गुंता सुटला, तरी एक गाठ कात्रीला द्यावी लागलीच. एरंडेल फार दाट असतं. लावायचंच असेल तर चार चमचे खोबरेलात अर्धा चमचा, आणि धुताना केस लोंबते ठेवून. तुमच्या भागात घाण्यावर करडईचं ताजं तेल मिळतं, ते भाजीला राहू द्या. करडई नि जवस ही हवेत सुकत जाणारी तेलं. जवसाचं तेल रंगात घालतात ते त्यासाठीच. केसांवर राहिलं की चिकट होतं आणि शाळेच्या मैदानातली सगळी धूळ धरून ठेवतं.

खरा चोर मात्र पाणी असावा. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या बाईला 'भरपूर पाण्याने केस धुवा' असं सांगायला माझी जीभ रेटणार नाही. बादलीच्या कडेला पांढरं बसतं का? अंगाच्या साबणाला फेस येत नाही का? मग पाणी जड आहे. साबणाशी त्याचा साका होतो आणि तोच केसांवर बसतो, म्हणून केसांना साबण कधीच नको. शांपू फक्त डोक्याच्या कातडीला लावा, खाली ओघळणारा फेस टोकांना पुरतो. शेवटचे दोन तांबे तेवढे साठवून गाळलेल्या पावसाच्या पाण्याचे, त्यात पाव लिंबू. शिकेकाई चालेल, जड पाण्यातही तिचा साका होत नाही. पण शेंगा उकळून, फडक्यातून गाळून. तिची कोरडी पूड लांब केसांत अडकते, मग ती काढताना जेवढे केस तुटतात तेवढे वर्षभरात तुटत नसतील.

आता तो अर्धा इंच. दुभंगलेलं टोक कोणतंही तेल सांधत नाही, चिकटवून तात्पुरतं झाकतं. आणि फाटा वर चढत जातो. तीन महिन्यांत केस साडेतीन सेंटिमीटरच्या वर वाढतात, त्यातला सेंटिमीटरभर गेला तर वेणी वाढतच राहील की. निर्णय तुमचा.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचे केस लांब आणि दाट आहेत. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या. कोंडा झालाय, म्हणून रोज चपचपीत तेल लावते, तरी वाढतोच आहे. (ठाणे)

उत्तर : 'तरी' नाही हो, 'म्हणून'. कोंड्यामागे बहुतेक वेळा एक यीस्ट, म्हणजे सूक्ष्म बुरशी, असतं आणि ते तेलातल्या स्निग्धावरच जगतं. तुम्ही त्याला रोज पंगत वाढताय. डोक्याला तेल बंद, फक्त वेण्यांच्या टोकांना लावा. कोंड्याचा शांपू मुलीच्या वयाला कोणता चालेल ते त्वचेच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि ओल्या केसांच्या वेण्या घालून शाळेत पाठवू नका. ओला केस ताणला की लवकर तुटतो.

प्रश्न : काकू, आजी करायची तसं माक्याचं तेल केलं. ताजा माका वाटून खोबरेलात उकळला, गाळून बाटलीत भरला. पंधरा दिवसांत वर बुरशी आली. काय चुकलं? आणि त्याने केस खरंच लांब होतात का? (दादर)

उत्तर : बाळ, आधी दुसऱ्याचं. माक्याने केस लांब होतील असं वचन मी कुणाला दिलेलं नाही. त्या बाटलीत मुख्यतः खोबरेल असतं आणि कोरड्या केसांचं भलं तेच करतं. वास नि आजीची आठवण ही वरची जोड, ती मलाही सोडवत नाही.

चुकलं ते पाणी. पाल्यातलं पाणी उडालं नाही. आयुर्वेदात माप आहे : वाटलेल्या पाल्याचा गोळा, म्हणजे कल्क, एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. म्हणजे बहुतेक वेळ आपण तेल तळत नसून पाणीच आटवत असतो. मंद आच, जाड बुडाची कढई, हातात उलथनं, आणि दुपार मोकळी हवी. आमच्याकडे रत्नागिरीला नारळाच्या दुधाचं तेल, म्हणजे आवेल, काढायचे तेव्हाही असंच. दूध आटत आटत एकदम तेल सुटायचं आणि खाली लालसर चोथा राहायचा, तो गुळाबरोबर खायला आम्ही पोरं चुलीशी रांग लावायचो.

झालं हे ओळखायचं कसं? कल्काचा कण चिमटीत घेऊन वळ. वात वळली गेली पाहिजे, बोटाला पीठ लागता कामा नये. मग ती वात ज्योतीवर धर. तडतडली तर पाणी आहे अजून, कढई परत गॅसवर. गुपचूप जळली तर उतरव, पूर्ण गार कर आणि मग उन्हात वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भर. झाकण लावायची घाई नको, वाफ आत धरली तर पुन्हा तेच रडगाणं. बुरशी आलेलं तेल गाळून वापरायचा मोह होईल. टाकून दे.