लेखणी आधी की कॅमेरा?

प्रश्न : मी पेडणे तालुक्यात शिक्षक आहे. आगरवाड्याच्या मिठागरांवर छायाचित्रांसह एक पुस्तक करावे, असे दोन वर्षांपासून मनात आहे. शेकडो छायाचित्रे जमली, पण लिहायला बसलो की एक पानही पुढे सरकत नाही. माहितीपर लेखन आणि छायाचित्रण ही दोन्ही कामे एकाच माणसाला पेलतात का? शिवाय छायाचित्रांवर हक्क कुणाचा राहतो? — एक वाचक, पेडणे

उत्तर : पेलतात, पण एकाच वेळी नाही. डोळा कॅमेऱ्याला लागला की कान मिटतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. आपल्याजवळ छायाचित्रे आहेत आणि टिपणे नाहीत, म्हणून पान अडते आहे. पुढचे काही दिवस कॅमेरा घरी ठेवून केवळ वही घेऊन आगरात जावे.

मिठागरावर येणारे बहुतेक छायाचित्रकार उन्हाळ्यात, पांढऱ्या राशी दिसू लागल्यावर येतात. खरे काम मात्र पावसाळा सरताच सुरू झालेले असते. बांध दुरुस्त करणे, वाफ्यांतला चिखल तुडवून तळ घट्ट करणे, भरतीचे खारे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या फळीच्या दारातून, आत घेणे आणि ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवणे, या साऱ्यात मिठाचा कणही दिसत नाही, आणि लेखाचा गाभा तर तिथेच आहे. मानशीची फळी केव्हा उघडायची, हे तिथला माणूस कशावरून ठरवतो, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. तो जे कोंकणी शब्द वापरील ते तसेच ठेवावेत. त्यांना प्रमाण मराठीचा पोशाख चढवू नये.

एक चूक सांगतो, कारण ती मला अजून बोचते. मी मिठाची पाटी डोक्यावर घेतलेल्या एका स्त्रीचे छायाचित्र घेतले होते. पाटीच्या सावलीत तिचा चेहरा अर्धा झाकला होता, नाव विचारण्याचे मला सुचले नव्हते, आणि छापताना खाली ‘मीठ वाहणारी स्त्री’ एवढेच आले. काही वर्षांनी तीच प्रत घेऊन मी त्या आगरात गेलो आणि जिला ती दिली तिने पदराने हात पुसून, कागद उन्हाकडे धरून, बराच वेळ पाहिले. मग ती म्हणाली, “ही मी नव्हे, माझी जाऊ. ती गेली.” तेव्हापासून नाव, गाव, दिवस आणि त्या वेळी चाललेले काम वहीत उतरवल्याशिवाय मी जागा सोडत नाही, आणि पहिली प्रत छापखान्याकडे जाण्याआधी त्या घरी जाते.

जुन्या संदर्भांसाठी पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात आठवडाभर बसावे. १८३२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत गोव्याविषयीची जुनी पुस्तके आणि नियतकालिके चाळता येतात.

हक्काविषयी थोडक्यात : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा पहिला मालक सामान्यतः छायाचित्रकारच असतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरचा हक्कही, आपल्या मजकुरावरच्या हक्काप्रमाणेच, हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. परंतु कुणी मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो ठरतो. म्हणून प्रकाशकाकडून आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी छायाचित्रांचा उल्लेख करारात स्वतंत्रपणे करून घ्यावा.